हेडफोन घ्यायचाय? आधी मे महिना आठवा

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर वायरलेस हेडफोन घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं बेसचा, दुसरा बॅटरीचा आणि तिसरा, ‘भाऊ, शेवटचं किती लावणार?’ तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण खानदेशात राहणाऱ्यानं त्याही आधी स्वतःला एक विचारायला हवं, की ही वस्तू कानांवर चढवून मी एप्रिल-मे कसा काढणार? पारा बेचाळीस ते पंचेचाळीसच्या घरात, खिडकीत कूलर, मानेवरून घाम आणि कानांवर दोन जाड गाद्या. यूट्यूबवर हेडफोनची परीक्षणं करणारी बहुतेक मंडळी वातानुकूलित खोलीत बसलेली असतात. आवाज, रंग, बटणं यावर ते वीस मिनिटं बोलतात, घामावर क्वचितच. आपल्याकडे मात्र हेडफोन कपाटात जाऊन पडतो तो आवाज वाईट म्हणून नव्हे, तर कान उकडतात म्हणून.

त्यामुळे या लेखात नेहमीचेच प्रश्न घेतले आहेत, पण उत्तरं जळगाव-धुळ्याच्या हवेत आणि गोंगाटात तपासून.

पूर्ण कान झाकणारा की कानावर टेकणारा?

दुकानात सगळ्यालाच ‘मोठावाला हेडफोन’ म्हणतात, आणि पहिली गफलत इथेच होते. डोक्यावरून पट्टी येणारे हेडफोन दोन जातींचे असतात. ओव्हर-इअरची गादी कानाच्या भोवती बसते, अख्खा कान आत राहतो. ऑन-इअरची गादी कानाच्या पाळीवर दाबून बसते. खोक्यावरच्या फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० ऑन-इअर आहे आणि डब्ल्यूएच-सीएच७२०एन ओव्हर-इअर. बोटच्या रॉकर्झ मालिकेत ४५० ऑन-इअर आहे, ५५० ओव्हर-इअर. नावात फरक फक्त आकड्याचा, पण तासाभरानंतर कानांना तो चांगलाच कळतो.

ऑन-इअर हलका आणि स्वस्त असतो आणि त्यात घाम थोडा कमी येतो. पण पाळी दुखते, चष्मा असेल तर आणखी दुखते, आणि बाहेरचा आवाज आत येतो. ओव्हर-इअर जास्त वेळ सुखाचा, मात्र तो गरम होतो. अभ्यासिकेत सलग तीन-चार तास बसणारा विद्यार्थी असेल तर माझं मत ओव्हर-इअरला. शेतावर, दुकानात, स्वयंपाकघरात चालता-फिरता ऐकायचं असेल तर यातलं काहीच घेऊ नका. नेकबँड किंवा इअरबड बरा.

वजन बघा. ते खोक्यावर नसलं तरी कंपनीच्या संकेतस्थळावर असतं. सीएच७२०एन १९२ ग्रॅमचा आहे, सोनीचाच महागडा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅमचा आणि ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स जवळजवळ ३८५ ग्रॅमचा. म्हणजे महाग तो हलका असा काही नियम नाही. दुकानात अर्धा मिनिट घालून ‘मस्त आहे’ म्हणू नका. दहा मिनिटं डोक्यावर ठेवा, मान खाली-वर करा, नेहमीचा चष्मा लावून बघा. चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि कातडी यांच्यात फट राहते, त्या फटीतून बेस गळतो आणि गोंगाट आत शिरतो. घरी गेल्यावर बेस कमी वाटतो अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कितीतरी जण चष्मेवाले असतात.

उन्हाळ्यात घालवेल का?

खरं सांगायचं तर, खोलीत एसी किंवा निदान कूलर नसेल तर मार्चअखेर ते पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत ओव्हर-इअर हेडफोन अर्ध्या तासापलीकडे घालवत नाही. तेवढे महिने साध्या वायरच्या इअरफोनवर काढायची तयारी असेल तरच मोठी रक्कम घाला. उलट धुळ्याला डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सात अंशांवर येतो तेव्हा हाच हेडफोन कानटोपीचंही काम करतो. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने तो आपला, बाकीचे उन्हाचे.

कूलर असेल तर दोन गोष्टी सांभाळा. कूलरचा झोत थेट कानावर घेऊ नका. त्याचं कारण पुढे येईलच. दुसरं म्हणजे कूलरची हवा ओलसर असते. वापर झाल्यावर हेडफोन कूलरसमोरच्या टेबलावर तसाच टाकून देऊ नका, कपाटात ठेवा.

गादीवर लावलेलं ‘लेदर’ बहुधा चामडं नसतंच. ते कापडावर चढवलेलं पॉलियुरेथेन असतं. घाम, दमट हवा आणि उष्णता यांनी त्याचे थर सुटतात आणि दीड-दोन वर्षांत गालाला, कानाला काळे पापुद्रे चिकटायला लागतात. त्यात आपल्याकडे डोक्याला तेल लावायची सवय. तेलानं हे काम आणखी लवकर होतं. म्हणून घेतानाच विचारा, की गादी निघते का आणि या मॉडेलची सुटी गादी मिळते का? नावाजलेल्या मॉडेलच्या गाद्या ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतात आणि घरच्या घरी बदलता येतात. अनोळखी स्वस्त मॉडेलची गादी चिकटवलेली असते, ती फाटली की हेडफोन संपला. कापडी गादी असलेलं मॉडेल मिळालं तर उन्हाळ्याला ते जास्त मानवतं, पण ते बाहेरचा आवाज कमी अडवतं. मधला मार्ग म्हणजे लेदरच्या गादीवर चढवायची ताणली जाणारी सुती खोळ. ती धुता येते. गादी पुसायला किंचित ओलं कापड पुरे. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावलं तर पापुद्रे आणखी लवकर सुटतात.

उन्हात डोक्याला उपरणं किंवा ओढणी गुंडाळून त्यावर हेडफोन चढवणारे दिसतात. उन्हापासून बचाव होत असेल, हेडफोनचा मात्र निम्मा उपयोग गेला. आणि दुचाकीवर तर अजिबात नाही. ओव्हर-इअरवर हेल्मेट बसतच नाही. म्हणजे जो घालतो तो हेल्मेटशिवाय आणि हॉर्न न ऐकता जळगाव-धुळे महामार्गावर असतो.

बॅटरीलाही ऊन सोसत नाही. बहुतेक लिथियम-आयन सेल ० ते ४५ अंशांदरम्यान चार्ज करण्यासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावरची, पत्र्याखालची खोली या मर्यादेच्या अगदी काठावर असते, त्यात चार्जिंगची स्वतःची उष्णता मिळते. चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा करा. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर हेडफोन ठेवणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य हातानं कमी करणं. उन्हाळाभर बाजूला ठेवायचा असेल तर पूर्ण उतरवून ठेवू नका आणि पूर्ण भरूनही ठेवू नका, निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून घरातल्या थंड जागी ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बघा. जूनमध्ये ‘चालूच होत नाही’ म्हणून दुकानात येणारे हेडफोन बऱ्याचदा शून्यावर उतरून पडून राहिलेले असतात.

एएनसी आणि ईएनसी एकच का?

नाही. आणि या दोन आद्याक्षरांतच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

ईएनसी, म्हणजे ‘एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन’, तुमच्यासाठी नसतं. ते फोनवर तुमच्याशी बोलणाऱ्यासाठी असतं. तुमच्या माइकमध्ये शिरणारा आजूबाजूचा गोंगाट ते कमी करतं, म्हणजे पलीकडच्या माणसाला तुमचं बोलणं स्वच्छ ऐकू जातं. तुमच्या कानांत येणारा आवाज त्यानं रत्तीभरही कमी होत नाही. एएनसी, म्हणजे ‘ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’, तुमच्या कानांसाठी असतं. दीड-दोन हजारांच्या खोक्यावर ‘नॉइज कॅन्सलेशन’ मोठ्या अक्षरात आणि त्याच्याआधी बारीक अक्षरात ‘एन्व्हायर्नमेंटल’ असं छापलेलं असतं. विक्रेता खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बारीक अक्षर वाचत नाही. परीक्षा सोपी आहे. दुकानात हेडफोन घालून काहीही न वाजवता एएनसी चालू-बंद करून बघा. दुकानातल्या पंख्याचा, एसीचा घरघराट खाली बसला तर एएनसी आहे. काहीच बदललं नाही तर ते नाव फक्त खोक्यावर आहे.

एएनसीची कल्पना आपल्याला वाटते तेवढी नवी नाही. बंगाली वडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले अमर बोस १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला विमानानं जात होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या आवाजापुढे संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी प्रवासातच आकडेमोड सुरू केली. त्यांच्या ‘बोस’ कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं आणि सामान्य ग्राहकासाठीचा २००० साली आला. तत्त्व मात्र तेच राहिलं. कपावरचे बारीक माइक बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते, आणि दोन्ही एकमेकींना मारतात.

पण उलटी लहर वेळेत तयार व्हायची तर मूळ आवाजाला काही एक सातत्य हवं आणि तो खर्जातला हवा. म्हणून विमानाचं इंजिन, रेल्वेच्या डब्याखालचा घरघराट, ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बसचं डिझेल इंजिन आणि आपला डेझर्ट कूलर, हे एएनसीचं खरं गिऱ्हाईक. खानदेशात एएनसीला पैसे घालायचं सगळ्यात चांगलं कारण कूलर हेच आहे, असं माझं म्हणणं आहे. मोटरीचा आणि पंख्याच्या पात्यांचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो. पाण्याची टपटप आणि हवेचा सुं-सुं आवाज उरतो, तो काही जात नाही. गंमत अशी, की कूलरचा झोत कपावरच्या माइकवर सरळ आदळला तर एएनसी चालू असताना उलट ‘भर्रर्र’ असा नवाच आवाज येतो, कारण माइकला वाऱ्याचा मारा आवाजासारखा वाटतो. खुर्ची थोडी फिरवली की तो थांबतो. हेडफोन खराब निघाला म्हणून परत करायला निघण्याआधी हे करून बघा.

जे जात नाही तेही माहीत असू द्या. शेजारच्या खोलीतलं बोलणं, भांड्यांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, फटाके हे अचानक आणि वरच्या पट्टीतले आवाज असतात, त्यांना गादीच काय ती थोडंफार अडवते. लग्नसराईतला डीजे तर हाडांतून येतो, त्याला तोड नाही. जळगावच्या डाळ मिलमध्ये किंवा धुळ्यात यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी एएनसी हेडफोनला कान वाचवायचं साधन समजू नये. त्यासाठी आवाज किती डेसिबलनं कमी होतो हे छापलेले, त्याच कामाचे इअरमफ मिळतात, ते वेगळे.

चांगलं एएनसी पाच हजारांच्या आत क्वचित भेटतं. पाच ते दहा हजारांत कामापुरतं मिळतं, त्याच्यावर मग बारकावे येतात. घरात कूलर नाही, प्रवास फारसा नाही, खोली शांत आहे, तर एएनसी सोडून द्या आणि तेच पैसे चांगल्या गादीत आणि आवाजात घाला.

बेस, ड्रायव्हर, कोडेक

याबद्दल थोडक्यात. ड्रायव्हर ४० मिमीचा की ५० मिमीचा यावरून आवाज चांगला की वाईट ते ठरत नाही. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही माणसाच्या ऐकण्याची मर्यादा आहे. ती जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असते, त्यामुळे तिला काही अर्थ राहत नाही. ब्लूटूथ ५.० ऐवजी ५.३ असलं म्हणून गाणं गोड लागत नाही, जोडणी जरा टिकाऊ होते, बॅटरी थोडी कमी खर्च होते. कोडेक म्हणजे फोनमधून हेडफोनकडे आवाज दाबून पाठवायची पद्धत. एसबीसी सगळ्यांत असतंच. आयफोन असेल तर एएसी बघा, एलडीएसीसाठी जास्तीचे पैसे देऊ नका, आयफोन ते बोलतच नाही. अँड्रॉइडवर एलडीएसी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत नेतं, पण तुम्ही अहिराणी गाणी, कीर्तनं आणि एमपीएससीची लेक्चरं यूट्यूबवर ऐकत असाल तर तिथून आवाजच साधारण १२८ ते १६० किलोबिटचा येतो. पाइप कितीही मोठा घातला तरी टाकीत आहे तेवढंच पाणी येणार.

बेस ऐकायचा तर दुकानदाराचं डेमो गाणं लावू देऊ नका, ते त्याच्या सोयीचं असतं. तुमच्या फोनवरून तुमचं रोजचं गाणं लावा, आणि मग एखादं नुसतं बोलणं लावा. भाषण, बातम्या, काहीही. पुरुषी आवाज पिंपात बोलल्यासारखा येत असेल तर तो बेस फुगवलेला आहे. नाचायला ठीक, तीन तास लेक्चर ऐकायला डोकं उठवणारा.

बॅटरीच्या तासांचंही तसंच. खोक्यावर पन्नास तास छापलेले असतात ते मध्यम आवाजात आणि बहुधा एएनसी बंद ठेवून मोजलेले. एएनसी चालू असताना किती, हा आकडा वेगळा शोधा. तरी तीस तास प्रत्यक्षात मिळाले तर पुरेत. यासाठी भांडायचं कारण नाही. चार्जिंग टाइप-सीच हवं. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून हेडफोनसह अशा वस्तूंना टाइप-सी सक्तीचं केलं आहे, तेव्हा आज जुन्या पिनचा हेडफोन कोणी स्वस्तात देत असेल तर तो साठा बहुधा जुना आहे. आणि ३.५ मिमीचं वायरचं भोक असेल तर उत्तम. बॅटरी संपली, वीज गेली, तरी वायर लावून काम भागतं.

मीटिंगमध्ये आवाज एकदम का बिघडतो?

घरून काम करणाऱ्यांची आणि ऑनलाइन मुलाखती देणाऱ्यांची ही कायमची तक्रार. गाणं सुरेख वाजतं, पण लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की सगळं जुन्या टेलिफोनसारखं. हेडफोन बिघडलेला नसतो. नेहमीच्या ब्लूटूथला उत्तम दर्जाचा आवाज एकाच दिशेनं पाठवता येतो. माइक चालू झाला की दोन्हीकडून वाहतूक सुरू होते आणि हेडफोन ‘हँड्स-फ्री’ पद्धतीवर उतरतो, तिथे दर्जा फोनच्या बोलण्याइतकाच असतो. उपाय फुकटचा आहे. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन ठेवा आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. कूलर शेजारी असेल तर लॅपटॉपचा माइक तोच जास्त ऐकेल, तेव्हा मीटिंगपुरता कूलर कमी करा किंवा वायरचा साधा इअरफोन लावा. नोकरीच्या मुलाखतीला मी तरी वायरच सुचवेन.

खेळांचं निराळं. ब्लूटूथमधून आवाज पोचायला पाव सेकंदापर्यंत उशीर लागू शकतो. यूट्यूब चित्रही तेवढंच मागे ठेवून जुळवून घेतं, पण गेममध्ये गोळी आधी लागते आणि आवाज नंतर येतो. ‘गेम मोड’नं हा उशीर कमी होतो, जात नाही. जुन्या टीव्हीत ब्लूटूथ नसतं. त्याला लावायचा छोटा ट्रान्समीटर मिळतो, पण ओठ आणि आवाज यांचा मेळ बसतो का हे बघून मगच घ्या.

फोन आणि लॅपटॉप दोन्ही एकाच वेळी जोडायचे असतील तर ‘मल्टिपॉइंट’ हा शब्द शोधा. ही सोय असली की लॅपटॉपवर लेक्चर चालू असताना घरून आलेला फोन चुकत नाही. अभ्यास करणाऱ्याला तो चुकलेलाच बरा, ही गोष्ट वेगळी.

ब्लूटूथनं मेंदूला त्रास होतो का, असंही हमखास विचारलं जातं. हेडफोनमधलं ब्लूटूथ साधारण अडीच मिलिवॉटपर्यंतच्या शक्तीवर चालतं. खिशातला फोन टॉवरशी बोलताना यापेक्षा कितीतरी जास्त शक्ती वापरतो. काळजी करायचीच तर आवाजाची करा. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ७५ डेसिबलवर तेवढेच तास. ९० डेसिबलला पोचलात की हे ४० तास आठवड्याला ४ तासांवर येतात. साधा नियम म्हणजे आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका. आयफोनमध्ये आणि काही कंपन्यांच्या ॲपमध्ये किती डेसिबलवर किती वेळ ऐकलं याची नोंद दिसते, ती आठवड्यातून एकदा बघा. कूलरच्या आवाजावर मात करायला पट्टी ऐंशीवर नेणाऱ्याला एएनसीचा उपयोग इथे खरा होतो. गोंगाट खाली गेला की गाण्याचा आवाजही आपोआप खाली येतो. घरातल्या आजोबांना टीव्ही नीट ऐकू येत नाही म्हणून हेडफोन घेत असाल तर आधी त्यांचे कान तपासून घ्या. हेडफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे.

अस्सल कसा ओळखायचा?

जळगावची माणसं सोनं घेताना कोणाच्या बापाला फसत नाहीत. हॉलमार्क बघतात, सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी भिंगातून वाचतात. त्याच माणसाला विचारा, की हेडफोनच्या खोक्यावरचा बीआयएसचा क्रमांक वाचलास का? तो चमकून बघतो. हॉलमार्क देणारी भारतीय मानक ब्युरो (बीआयएस) हीच संस्था वायरलेस हेडफोनची सक्तीची नोंदणीही करते. खोक्यावर किंवा वस्तूवर ‘आयएस ६१६’ आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकडे असलेली खूण असते. ज्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये दागिन्याचा एचयूआयडी तपासता येतो, त्याच ॲपमध्ये हा आर-क्रमांकही टाकता येतो. त्यात नोंदणी कोणाच्या नावावर आणि कोणत्या वस्तूसाठी आहे ते दिसतं. क्रमांक मोबाईल चार्जरचा निघाला तर खोकं तसंच परत करा.

खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क हेही छापलेलं असणं कायद्यानं बंधनकारक आहे. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळणाऱ्या मालात यातलं काहीतरी हमखास गायब असतं. आणखी एक कसोटी म्हणजे कंपनीचं ॲप. नामांकित कंपन्यांचे एएनसी हेडफोन त्यांच्या ॲपला जोडले जातात, सेटिंग दाखवतात, अपडेट घेतात. नक्कल ब्लूटूथच्या यादीत मूळ नाव दाखवते, पण ॲप तिला ओळखत नाही. अस्सल वस्तूच्या निम्म्याहून कमी किमतीत ‘कंपनीचा माल, फक्त बिल नाही’ असं कोणी म्हणालं, तर ते बिल का नाही हे तुम्हाला कळलंच असेल.

दुकानातून की ऑनलाइन?

ऑनलाइन शे-पाचशे, कधी हजारभर स्वस्त पडतं, हे खरं. पण डोक्यावर बसतो कसा, चष्म्यावर दाबतो का, एएनसी कितपत चालतं, हे खोलीतल्या पडद्यावर कळत नाही. म्हणून पसंती दुकानात करा, आणि भावात फार मोठा फरक नसेल तर खरेदीही तिथेच. शहरातल्या दुकानदाराकडे सातव्या दिवशी जाऊन उभं राहता येतं, त्याची किंमत असते. ऑनलाइन घेत असाल तर ‘रिटर्न’ आहे की फक्त ‘रिप्लेसमेंट’, हे पैसे भरण्याआधी वाचा. आवडला नाही म्हणून परत करता येणं आणि बिघडला तरच बदलून मिळणं यात फार अंतर आहे. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, पाकिटावरचं लेबल दिसेल असा.

वॉरंटी बहुधा वर्षाची असते, पण गाद्या, वायर, कधी कधी बॅटरीसुद्धा त्यातून वगळलेली असते. सर्व्हिस सेंटर कुठे आहे हा आपल्या भागातला खरा प्रश्न आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर जळगावचा ४२५००१ किंवा धुळ्याचा ४२४००१ पिन टाकून बघा. जवळचं केंद्र नाशिकला निघालं तर कुरिअरनं घरून वस्तू नेतात का, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, हे विचारून घ्या. भुसावळ, चाळीसगाव, शिरपूरच्या वाचकांनी आपापला पिन टाकावा, शहराचा नको. उत्तर वेगळं येऊ शकतं. दोन मॉडेलमध्ये मन अडलं असेल तर ज्याचं केंद्र जवळ आहे ते घ्या. आवाजातला उन्नीस-बीस महिनाभरात विसरला जातो, नाशिकची खेप नाही.

पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल क्रमांक लिहून घ्या. वस्तू बिघडली आणि दुकानदार कंपनीकडे, कंपनी दुकानदाराकडे बोट दाखवू लागली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा, मराठीतही बोलता येतं. ऑनलाइन विक्रेत्यांच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा, असा २०२० चा नियम आहे. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइनही करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. पण दुकानाच्या मशीनमधून निघालेल्या गुळगुळीत कागदावरची छपाई उष्णतेनं त्याच्या कितीतरी आधी उडून जाते, म्हणून घरी पोचल्याबरोबर बिलाचा फोटो काढून ठेवा.